विधी सेवा, विजयनगर, सांगली : आम्हा दोघींचा अनुभव

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून माझ्या जोडीदाराला तिच्या भावाविरुद्धच्या केससाठी मोफत वकील मिळाला. वकिलाला किती दिले, हे सगळे पहिल्यांदा विचारतात, म्हणून तेच आधी सांगते. एक रुपयाही दिला नाही. टायपिंगचा नाही, नोटिशीचा नाही, नकलांचाही नाही. खर्च झाला तो मिरज ते विजयनगर बसचा आणि झेरॉक्सचा, शिवाय माझ्या चार रजा गेल्या. एकदा वकील मॅडमसाठी भडंगाचा पुडा नेला होता, तो त्यांनी परत माझ्याच पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, "केस संपली की आण. आत्ता घेतला तर तो फीसारखा होतो."

मी मिरजेत एका हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे, वय ३६. माझी जोडीदार २८ वर्षांची आहे, कुपवाडला एका ऑफिसात हिशेबाचं काम करते. विश्रामबागेत एका खोलीत आम्ही पाच वर्षं एकत्र राहतोय. घरमालकीण काकूंना आम्ही मैत्रिणी आहोत एवढंच माहीत होतं, आता सगळं माहीत आहे. नावं लिहीत नाही, कारण तिची आई अजून गावात राहते आणि तिला रोज त्याच नळावर पाण्याला जायचं असतं.

गेल्या दिवाळीच्या आधी तिच्या दादाचा फोन आला, आई सिरियस आहे म्हणून. मी नाइटला होते, ती एकटीच गेली. आई ठणठणीत होती. दादानं मोबाइल काढून घेतला, बारावीपासूनची सगळी सर्टिफिकेटं असलेली फाइल माळ्यावरच्या ट्रंकेत टाकून कुलूप लावलं आणि एक स्थळ आणून बसवलं. मधल्या एका दिवशी तिला शेजारच्या गावातल्या डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं तिच्याशी पाच मिनिटंही न बोलता दादाचं ऐकून गोळ्या लिहून दिल्या, 'असले विचार' जावेत म्हणून. आठव्या दिवशी आईनंच तिच्या हातात दोनशे रुपये ठेवले आणि पहाटेच्या एसटीला बसवून दिलं. त्या आठ दिवसांत मी किती वेळा तिच्या बंद नंबरला फोन लावला, हे मोजलेलं नाही.

ती आली त्याच दिवशी संध्याकाळी एका पोलीस ठाण्यातून मला फोन आला. दादानं मिसिंग दाखल केली होती, वर सांगितलं होतं की या नर्सबाईनं माझ्या बहिणीला फूस लावून नेलं. पलीकडचा माणूस म्हणाला, "उद्या तिला घेऊन या, नाहीतर तुमच्यावरच गुन्हा दाखल होईल." मी रोज रक्त बघते, तरी माझ्या हाताला कंप सुटला होता.

पहिल्यांदा आम्ही एका तालुक्याच्या ठिकाणच्या मोफत कायदेशीर मदतीच्या टेबलावर गेलो. गाव लिहीत नाही. तिथल्या माणसानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "घरच्यांशी जुळवून घ्या, तुमचा विषय कोर्टात बसत नाही." तो वाईट माणूस नव्हता, त्यानं आम्हाला पाणी दिलं, खुर्ची दिली. त्याला माहीतच नव्हतं. पण त्या 'बसत नाही'मुळे ती परतीच्या बसमध्ये सांगलीपर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि मला वाटलं की ही आता परत गावाला जाते म्हणेल.

मग आमच्याच वॉर्डातल्या एका सिस्टरनं सांगितलं की १५१०० वर फोन कर. हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर, त्याला पैसे पडत नाहीत. तिकडून दोनच गोष्टी सांगितल्या: जिल्ह्याच्या प्राधिकरणात अर्ज द्या, आणि तुम्ही बायका आहात म्हणजे उत्पन्नाचा दाखला लागणार नाही. ही दुसरी गोष्ट तेव्हा मी नुसती ऐकून घेतली. तिच्याबद्दल पुढे बोलणार आहे, कारण माझी खरी तक्रार तिथेच आहे.

विजयनगरला जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. जिल्हा न्यायाधीश त्याचे अध्यक्ष असतात, हे मला तिथे जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. लोक त्याला 'सरकारी वकील मिळतो ते' म्हणतात, पण सरकारी वकील वेगळा. तो सरकारच्या बाजूनं उभा राहतो. इथे मिळतो तो आपला वकील, फक्त त्याची फी प्राधिकरण देतं. हा फरक नीट कळायला हवा, कारण आम्हीही आधी घाबरलो होतो की सरकारनं दिलेला माणूस पोलिसांच्या विरोधात कसा बोलेल.

अर्ज भरताना टेबलापलीकडच्या कारकुनांनी विचारलं, "तुम्ही दोघी एकमेकींच्या कोण?" मी आयुष्यभर या प्रश्नाला 'मैत्रीण' म्हणून उत्तर दिलंय. त्या दिवशी म्हणाले, "आम्ही एकत्र राहतो." ते म्हणाले, "एकत्र म्हणजे?" मी म्हटलं, "नवरा-बायको राहतात तसं." त्यांनी पेन थांबवलं. माझ्या पोटात गोळा आला. मग त्यांनी वर बघून विचारलं, "बरं. मग भावाविरुद्ध अर्ज कुणाचा, यांचा की तुमचा?"

एवढंच. तो कामाचा प्रश्न होता. तिचं प्रकरण म्हणजे अर्ज तिचा, मी साक्षीदार. ते पुढे लिहीत राहिले. पाच वर्षांत हे वाक्य मी परक्या माणसापुढे पहिल्यांदा उच्चारलं होतं आणि त्यावर मला कागदी, कोरडं, नेमकं उत्तर मिळालं. मला त्या कोरडेपणाची किती गरज होती ते मला बाहेर व्हरांड्यात आल्यावर कळलं. तिथे बाकावर बसून मी रडले. शेजारी जमिनीच्या वाटणीसाठी आलेल्या एक आजी होत्या, त्यांनी काही न विचारता पदरानं माझा चेहरा पुसला.

नेमणुकीचं पत्र मिळालं, वकील मॅडम भेटल्या. त्यांनी पहिलं काय केलं, तर मला बाहेर जायला सांगितलं. जोडीदाराशी त्या एकट्या पाऊण तास बोलल्या. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. नंतर त्यांनी समजावलं. "उद्या पोलीस म्हणतील की तुम्हीच तिला पढवलं. तिचं म्हणणं तिच्या तोंडून, तुम्ही नसताना, मला ऐकायला हवं. आणि भाऊही समोर नको." मग त्यांनी एका निकालाचा कागद काढला. देवू जी. नायर विरुद्ध केरळ राज्य, सर्वोच्च न्यायालय, मार्च २०२४. समलिंगी जोडप्यांनी संरक्षण मागितलं किंवा कुणाला घरच्यांनी डांबून ठेवलं म्हणून अर्ज आला, तर न्यायालयानं कसं वागायचं याच्या सूचना त्यात आहेत. असे अर्ज आधी ऐकायचे. त्या व्यक्तीशी आई-बापांचा दबाव नसेल अशा जागी बोलायचं. या दोघींचं नातं नेमकं काय आहे हे खोदत बसायचं नाही. संरक्षण देण्याआधी धोक्याचा पुरावा मागायचा नाही. आणि कुणाचा लैंगिक कल बदलावा म्हणून समुपदेशनाला पाठवायचं नाही. मॅडम म्हणाल्या, "ह्या सूचना न्यायाधीशांना आहेत. पण ज्या रीतीनं न्यायाधीशानं बोलायचं, त्याच रीतीनं वकिलानंही बोलायला पाहिजे की नको?"

त्याच निकालात एक शब्द आहे, निवडलेलं कुटुंब. जन्माचं कुटुंब हेच एकटं कुटुंब असं धरून चालू नका, असं न्यायालयानं म्हटलंय. मॅडमनी त्या ओळीखाली पेन्सिलनं रेघ मारून कागद तिच्या हातात दिला. ती त्याची घडी पर्समध्ये ठेवते, अजूनही.

पोलीस ठाण्यात मॅडम आमच्याबरोबर आल्या. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण आम्हाला वाटत होतं की वकील म्हणजे फक्त कोर्टात. त्यांनी शाळा सोडल्याचा दाखला मागवून ठेवायला सांगितला होता. मूळ फाइल दादाकडे, मग तिनं शाळेत अर्ज करून दुसरी प्रत घेतली. त्यावर जन्मतारीख. सज्ञान आहे, मर्जीनं राहते, कुणी पळवलेलं नाही, असा तिचा जबाब झाला. एक हवालदार मध्येच म्हणाले, "मॅडम, ह्यांच्यावर ३७७ लागतं." म्हणजे जुन्या दंड संहितेतलं, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम. मॅडम आवाज न चढवता म्हणाल्या, "६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलंय की दोन सज्ञान माणसांच्या संमतीला ते लागत नाही. आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात ते कलमच नाही. साहेब, तुम्ही कुठल्या पुस्तकातून वाचताय?" हवालदारांनी चहा मागवला. आम्ही घेतला नाही. मिसिंगच्या नोंदीवर 'मिळून आली, स्वेच्छेनं राहते' असा शेरा पडला आणि त्याची प्रत मॅडमनी तिथेच मागून घेतली.

मग खरं कोर्टातलं काम सुरू झालं. त्यांनी जो रस्ता निवडला तो मला कधीच सुचला नसता. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, २००५ चा. मला वाटायचं तो नवऱ्याविरुद्धच असतो. पण एका घरात राहिलेल्या रक्ताच्या नात्यातल्या पुरुषाविरुद्ध, म्हणजे भावाविरुद्धही, बाईला त्याखाली अर्ज करता येतो. डांबून ठेवणं, मोबाइल काढून घेणं, कागदपत्रं अडकवणं, हे सगळं त्यात येतं. आणि अर्जदार जिथे राहते, अगदी तात्पुरती का होईना, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तो अर्ज चालतो. त्यामुळे तिला तिच्या तालुक्याच्या कोर्टाची पायरी चढावी लागली नाही, गावकऱ्यांच्या नजरा झेलाव्या लागल्या नाहीत. सांगलीतच झालं.

गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरबद्दल मी जास्त भडकले होते, कारण तो माझ्याच क्षेत्रातला. मॅडमनी अर्जात दोन ओळी घातल्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ म्हणतो की उपचारात लैंगिक कलावरून भेदभाव करायचा नाही. आणि २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलंय की कल बदलण्याचे 'उपचार' करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे. मी इतकी वर्षं हॉस्पिटलमध्ये आहे, आमच्या एकाही मीटिंगमध्ये हे कुणी वाचून दाखवलं नाही. आता मी ते आमच्या ड्युटी रूममध्ये सांगते, ज्यांना ऐकायचं आहे त्या ऐकतात.

कोर्टाच्या तिसऱ्या तारखेला दादा फाइल घेऊन आला. सगळी सर्टिफिकेटं होती, बी.कॉम.चं सुद्धा. दादानं तिच्याकडे बघितलं नाही, फाइल बाकावर ठेवली. मोबाइल अजून दिलेला नाही, हरवला म्हणतो. त्यावर पुढची तारीख आहे. दादाविरुद्ध संरक्षणाचा अंतरिम आदेश मात्र झाला: तिच्या ऑफिसात, आमच्या खोलीवर यायचं नाही, फोन करायचा नाही. त्या रात्री ती पहिल्यांदा दाराची आतली कडी दोनदा न तपासता झोपली.

पुन्हा उचलून नेलं तर काय, हे मी विचारलं होतंच. मॅडम म्हणाल्या, मग उच्च न्यायालयात जायचं, आणि त्याचं एक बेंच आता कोल्हापुरात आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच चालू झालंय, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि कोल्हापूर असे सहा जिल्हे त्यात येतात. त्याआधी असं काही झालं तर रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई गाठायची, राहायची सोय बघायची, तारीख पडली की परत यायचं. डांबलेल्या मुलीसाठी तो एक दिवस म्हणजे काय असतो, ते मी आठ दिवस भोगलंय. मोफत वकील उच्च न्यायालयातही मिळतो, तिथेही समिती आहे.

आता माझी तक्रार. ती ऑफिसातल्या कुणाबद्दल नाही, कायद्याबद्दल आहे.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात कलम १२ आहे. मोफत मदत कुणाला, याची यादी त्यात आहे. अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि मुलं, दिव्यांग, वेठबिगारी आणि माणसांच्या व्यापाराचे बळी, औद्योगिक कामगार, कोठडीतले लोक, महापूर-दुष्काळ-भूकंपासारख्या आपत्तीत सापडलेले, आणि ठरावीक उत्पन्नापेक्षा कमी असलेले. महाराष्ट्रात ही मर्यादा वर्षाला ३ लाख आहे. यादी चांगली आहे. सांगलीत बसून ती वाचली तर प्रत्येक ओळीला एक चेहरा आठवतो. २०१९ च्या महापुरात गावभागातून बोटीतून बाहेर पडलेले लोक त्यात आहेत. जत-आटपाडीचा दुष्काळ त्यात आहे. कुपवाड एमआयडीसीतला कामगार त्यात आहे. आम्ही दोघी त्यात आहोत, कारण आम्ही बायका आहोत.

पण आम्हाला जो त्रास झाला तो दोन बायका एकत्र राहतो म्हणून झाला. त्या कारणाला त्या यादीत जागा नाही.

आमच्या ओळखीतले दोघे पुरुष आहेत, सांगलीतच राहतात. एक गाड्यांच्या शोरूममध्ये सेल्सला, दुसरा खासगी क्लासमध्ये शिकवतो. त्यांच्यामागेही एकाचे वडील लागलेत, अगदी आमच्यासारखंच. मी त्यांना मोठ्या उत्साहानं विजयनगरला पाठवलं. शोरूमवाल्याचं उत्पन्न वर्षाला ३ लाखांच्या वर जातं, थोडंसंच. तो कारखान्यात कामगार असता तर चाललं असतं. त्याचं घर पुरात बुडालं असतं तर चाललं असतं. सल्ला त्याला मिळाला, माहिती मिळाली, कुणी हाकललं नाही, पण मोफत वकील मिळाला नाही. त्यानं खासगी वकील केला, पहिल्याच भेटीत अर्धा पगार गेला. मला त्याच्याकडे बघून लाज वाटली. माझं तर काहीच वेगळं नव्हतं.

त्या कलमात 'समलिंगी व्यक्ती' एवढे दोन शब्द वाढवायला किती शाई लागते?

हे मी जास्त जोरात म्हणते त्याला एक कारण आहे. याच संस्थेनं, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं, २०१२ साली स्वतः सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती, तृतीयपंथी लोकांसाठी. १५ एप्रिल २०१४ ला निकाल लागला आणि त्यांना स्वतःची ओळख स्वतः सांगायचा हक्क मिळाला. त्या निकालाच्या नावातच प्राधिकरण आहे. गरिबाला वकील देणारी संस्था एका समाजासाठी स्वतः अर्जदार झाली. हे कळल्यावर मला त्या विजयनगरच्या पाटीबद्दल वेगळाच आदर वाटायला लागला. म्हणूनच वाटतं, जे त्यांच्यासाठी केलं ते आमच्यासाठीही करता येईल.

केंद्र सरकारचं मात्र मला नीट कळत नाही. २०१८ ला ३७७ च्या वेळी सरकारनं न्यायालयावर सोपवलं, तुम्ही ठरवा म्हणून. २०२३ ला लग्नाच्या हक्काची केस आली तेव्हा सरकार विरोधात उभं राहिलं. १७ ऑक्टोबरला निकाल आला. मी त्या दिवशी दुपारपाळीला होते, औषधाच्या ट्रॉलीवर मोबाइल ठेवून ऐकत होते. लग्न हा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायाधीशांचं एकमत. लग्नाशिवायच्या नात्याला मान्यता द्यावी असं दोघे म्हणाले, तिघे नाही म्हणाले. पुढे जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या. एकाच सरकारच्या पैशातून माझ्या जोडीदाराला वकील मिळतो आणि त्याच सरकारचा वकील दिल्लीत सांगतो की हिला माझं कुटुंब म्हणता येणार नाही. मॅडमना मी हे विचारलं. त्या म्हणाल्या, "मला नेमणूक तुझ्या घराच्या केससाठी मिळालीय. मी ती चालवते." मला ते उत्तर पटलं नाही, पण त्यांनी केस चालवली.

त्या निकालाच्या वेळी सरकारनं कॅबिनेट सचिवांची समिती नेमू असं सांगितलं होतं. ती २०२४ ला झाली आणि ऑगस्टमध्ये काही पत्रं निघाली. ती उपयोगाची आहेत, लोकांना माहीत नाहीत, म्हणून सांगते. २८ ऑगस्ट २०२४ ला अर्थ मंत्रालयाकडून खुलासा आला की समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं काढायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला काही बंधन नाही. आम्ही एका बँकेत गेलो तेव्हा काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "रक्ताचं नातं पाहिजे." मॅडमनी त्या खुलाशाचा हवाला देऊन एक पानी पत्र दिलं, ते घेऊन परत गेलो, मॅनेजरनी वाचलं आणि वीस मिनिटांत खातं उघडलं. हे पत्र सुद्धा मोफत. रेशनकार्डासाठी अशा जोडीदारांना एक कुटुंब धरा, असंही राज्यांना कळवलंय. आमचं ते काम अजून केलेलं नाही.

आणि तिसरं पत्र आरोग्य मंत्रालयाचं. जवळचे नातेवाईक नसतील तेव्हा जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा, असं त्यात आहे. मी हे वाक्य खूपदा वाचलं. नातेवाईक नसतील तेव्हा. मी पाच वर्षं तिचा डबा भरते, तिचा ताप मोजते, आणि तिच्यासाठी रांगेत मी तिच्या दादाच्या मागे. आमच्या वॉर्डात फॉर्मवर 'रुग्णाशी नाते' हा रकाना मी रोज भरून घेते. त्यात एकदा एका पोरानं दुसऱ्या पोरासाठी 'मित्र' लिहिलं होतं आणि लिहिताना त्याचा हात थरथरत होता. मी काहीच बोलले नाही तेव्हा. आता बोलले असते.

मृत्युपत्रही मॅडमनीच करून दिलं, दोघींची दोन. ते नसेल तर माझ्यासारख्या बिनलग्नाच्या बाईचं जे काही असेल ते आई-वडिलांकडे, आणि ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे, म्हणजे भावांकडे जातं. माझ्याकडे फार नाही: थोडी ठेव, गाडी, दोन पाटल्या. पण ते तिचं व्हावं. दोन साक्षीदार लागतात. एक आमच्या वॉर्डातली सिस्टर, दुसऱ्या काकू, आमच्या घरमालकीण. काकूंना सगळं सांगायला मी घाबरत होते. त्यांनी चष्मा लावून दोन्ही कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. मग म्हणाल्या, "म्हणजे तू गेलीस तर ही या खोलीत राहणार ना? मग भाडं वाढवणार नाही मी हिच्यासाठी." आणि सही केली.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: आधार कार्ड आणि वयाचा पुरावा न्या, शाळा सोडल्याचा दाखला सगळ्यात चांगला. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स. पोलीस ठाण्याचे फोन आले असतील तर तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवा, मॅडमना त्याचा फार उपयोग झाला. बाई असाल तर उत्पन्नाचा दाखला लागत नाही. पुरुष असाल तर तहसीलचा दाखला आधी काढा, आणि कामगार किंवा दिव्यांग असाल, आपत्तीग्रस्त असाल, तर तो कागद आधी दाखवा. वकील बाईच हवी असं अर्ज देताना सांगितलं तर चालतं, आम्ही सांगितलं होतं. सोमवारी गर्दी फार असते. आणि आत गेल्यावर 'मैत्रीण' म्हणू नका. जे आहे ते सांगा, कारण वकिलाला अर्धंच सांगितलं तर तो अर्धीच केस लढतो.

पुढची तारीख मोबाइलची आहे. त्या दिवसाची माझी सकाळपाळी मी बदलून घेतलीय, आणि तिच्या आईनं निरोप पाठवलाय की तीही येणार आहे, दहाच्या एसटीनं.